नाम आणि त्याचा सोबती : इंग्रजीतली जोड्यांची गोष्ट



आपल्या होस्टेलवर इंग्रजी म्हटलं की सगळे मोठ्या शब्दांना घाबरतात. पण नीट बघितलं तर मोठे शब्द आपल्याला कधी अडवत नाहीत. 'थर्मोडायनॅमिक्स' आपण झोपेतही बरोबर लिहू. गाडी अडते ती 'ऑफ, फॉर, टू, इन, ऑन' या इवल्याशा शब्दांवर. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला मुलगा असो की शहरातला, रजेच्या अर्जात 'रीझन ऑफ लीव्ह' लिहून मोकळा होतो. बरोबर काय? 'रीझन फॉर लीव्ह'. आता 'फॉरच का?' हा प्रश्न आला, आणि आजचा धडा त्याचाच आहे.

'ची'चा घोटाळा

मराठीतली षष्ठी म्हणजे चा-ची-चे. ही विभक्ती फार कष्टाळू, एकटीच दहा कामं करते. 'पाण्याची मागणी' म्हणजे पाणी हवं आहे. 'गावकऱ्यांची मागणी' म्हणजे गावकऱ्यांना काहीतरी हवं आहे. एकीकडे मागितलेली वस्तू, दुसरीकडे मागणारी माणसं. मराठीत दोन्हीकडे 'ची' चालते, कारण अर्थ आपल्याला संदर्भाने कळतो.

इंग्रजी इथे दोन वाटा करते. जे हवं आहे त्यासाठी 'डिमांड फॉर वॉटर', आणि मागणारे सांगायचे तर 'द डिमांड ऑफ द व्हिलेजर्स'. तामलवाडी परिसरात आणि सगळ्या जिल्ह्यात ओळखीची असलेली उस्मानाबादी शेळी घ्या. (२०२३ मध्ये जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र जुन्याच नावाने ओळखली जाते!) या शेळीला बाजारात मागणी आहे, हे इंग्रजीत 'डिमांड फॉर उस्मानाबादी गोट्स' असं होईल. कुणी 'द डिमांड ऑफ द गोट्स' लिहिलं, तर शेळ्या आपल्या मागण्या घेऊन तुळजापूरच्या तहसीलवर निघाल्यात असं वाचणाऱ्याला वाटेल.

म्हणजे मुद्दा असा : 'चा-ची-चे' दिसलं की डोळे झाकून 'ऑफ' लावायचं नाही. प्रत्येक नामाचा सोबती ठरलेला असतो, आणि तो त्या नामाबरोबरच पाठ करायचा.

हा इंग्रजीचा जुलूम आहे असं समजू नका. मराठीतही हेच आहे. आपण 'अभ्यासात रस' म्हणतो, 'अभ्यासाशी रस' म्हणत नाही. 'गणिताशी संबंध' म्हणतो, 'गणितावर संबंध' म्हणत नाही. 'गुरुजींबद्दल आदर' आणि 'परीक्षेची भीती' हेही कुणी शिकवलं नाही, कानावर पडून पडून बसलं. इंग्रजी आपल्या कानावर तेवढं पडत नाही, म्हणून ते मुद्दाम बसवावं लागतं.

पाच घराणी

पाठांतर सोपं व्हावं म्हणून नामांची घराणी करू.

'ऑफ'चं घराणं : लॅक ऑफ, शॉर्टेज ऑफ, कॉज ऑफ, नॉलेज ऑफ, कॉस्ट ऑफ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण 'शॉर्टेज ऑफ वॉटर'.

'फॉर'चं घराणं : नीड फॉर, डिमांड फॉर, रिक्वेस्ट फॉर, रीझन फॉर, रिस्पेक्ट फॉर, अ‍ॅप्लिकेशन फॉर. यातल्या बऱ्याच शब्दांत काहीतरी हवं असतं.

'टू'चं घराणं : सोल्यूशन टू, आन्सर टू, रिप्लाय टू, अ‍ॅक्सेस टू, डॅमेज टू, रेझिस्टन्स टू. इथे एक गोष्ट दुसरीपर्यंत पोहोचते किंवा तिच्यासमोर उभी राहते.

'इन'चं घराणं : इन्क्रीज इन, राइज इन, ड्रॉप इन, चेंज इन, इंटरेस्ट इन, डिग्री इन. बदल कशात झाला आणि रस कशात आहे, ते हे सांगतं.

'ऑन'चं घराणं : इफेक्ट ऑन, प्रेशर ऑन, लोड ऑन, टॅक्स ऑन, बॅन ऑन. कुठेतरी भार पडतो. मग तो बीमवरचा असो की खिशावरचा.

एकाच घटनेवर ही घराणी बसवून बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावंच्या गावं कोसळली. सिव्हिलच्या रिपोर्टात हे लिहायचं तर : 'द कॉज ऑफ द अर्थक्वेक', 'डॅमेज टू हाउसेस', 'द इफेक्ट ऑन स्टोन वॉल्स', 'द नीड फॉर सेफ कन्स्ट्रक्शन', 'अ चेंज इन डिझाइन'. पाच नामं, पाच सोबती, आणि रिपोर्टाचा सांगाडा तयार!

'कारण' हा आपला एकच शब्द, पण इंग्रजीत त्याचे दोन. 'कॉज'ला 'ऑफ' लागतो, 'रीझन'ला 'फॉर'. बेअरिंग का तुटलं ते 'कॉज ऑफ फेल्युअर'. तुम्ही उशिरा का आलात ते 'रीझन फॉर बीइंग लेट'. प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला 'इंग' लागतो, हेही इथेच लक्षात ठेवा.

जिथे चूक महाग पडते

"अहो, समजलं म्हणजे झालं ना!" असं कुणी म्हणेल. गप्पांत ते खरंही आहे. पण आपण इंजिनिअर होणार आहोत. मोटरचं तापमान आधी ३० अंश होतं. 'अ राइज ऑफ ४० डिग्रीज' म्हटलं तर मोटर ७० अंशांवर गेली. 'अ राइज टू ४० डिग्रीज' म्हटलं तर ती फक्त १० अंशांनी तापली. 'ऑफ' सांगतो कितीने वाढलं, 'टू' सांगतो कितीपर्यंत पोहोचलं, आणि 'इन' सांगतो काय वाढलं : 'अ राइज इन टेम्परेचर'. एका शब्दाने ३० अंशांचा फरक पडला. तीस अंश म्हणजे चेष्टा नाही.

दुसरं उदाहरण काँक्रिटचं. 'द रेशो ऑफ वॉटर टू सिमेंट इज ०.५' म्हणजे ५० किलोच्या एका पोत्याला २५ लिटर पाणी. शब्दांची जागा बदलून 'सिमेंट टू वॉटर ०.५' लिहिलं, की त्याच पोत्याला १०० लिटर पाणी! ते काँक्रिट नाही, आमटी झाली. 'रेशो ऑफ' नंतर जे येतं ते वर, 'टू' नंतर येतं ते खाली. अपूर्णांकासारखं लक्षात ठेवा.

क्रियापदाचा दगा

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. 'रिक्वेस्ट फॉर' पाठ झालं, की लगेच आपण लिहितो : 'आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह'. चूक! 'रिक्वेस्ट' नाम असताना त्याला 'फॉर' लागतो. तेच क्रियापद झालं, की ते कुणाची मदत न घेता सरळ कर्माला भिडतं : 'आय रिक्वेस्टेड लीव्ह'. तीच गोष्ट पुढच्या जोड्यांची :

'अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम', पण 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम'.
'अ लॅक ऑफ फंड्स', पण 'वी लॅक फंड्स'.
'ऍन आन्सर टू द क्वेश्चन', पण 'आन्सर द क्वेश्चन'.
'ऍन इफेक्ट ऑन हेल्थ', पण 'इट अफेक्ट्स हेल्थ'.

उलट ज्या क्रियापदाला आधीच सोबती आहे, त्याचं नाम बहुधा तोच सोबती ठेवतं : 'अप्लाय फॉर' आणि 'अ‍ॅप्लिकेशन फॉर', 'डिपेंड ऑन' आणि 'डिपेंडन्स ऑन', 'इन्व्हेस्ट इन' आणि 'इन्व्हेस्टमेंट इन'. विशेषणाच्या बाबतीत मात्र सावध राहा. 'प्राउड ऑफ' म्हणतात, पण नाम आलं की 'प्राइड इन'.

मग करायचं काय?

पहिलं, डिक्शनरी नुसती अर्थासाठी उघडू नका. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत. परभाषक विद्यार्थी नेमका कुठे अडतो हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला शब्दकोश १९४२ साली जपानमध्ये निघाला. तोच पुढे ऑक्सफर्डचा लर्नर्स शब्दकोश झाला. त्यात नामाबरोबर कोणता प्रिपोझिशन येतो ते वेगळं दाखवलेलं असतं. आता तर तो मोबाइलवरही पाहता येतो.

दुसरं, वहीत एकटा शब्द लिहायचा नाही. 'इंटरेस्ट = आवड' असं न लिहिता 'इंटरेस्ट इन मशीन डिझाइन' असं लिहा. शब्द लिहिताना सोबतीही लिहायचा, आणि पुढे आपल्या कामाचं एखादं उदाहरण.

तिसरं, आपला रेझ्युमे आजच काढा आणि त्यातली नामं तपासा. 'डिग्री इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग', 'नॉलेज ऑफ सी प्लस प्लस', 'इंटरेस्ट इन रोबोटिक्स'. इंटरव्ह्यू घेणारा आपल्याला ओळखत नसतो. त्याच्यासमोर आपल्या आधी आपला कागद जातो.

आणि जाता जाता घरचा अभ्यास. पुढील वाक्यं इंग्रजीत करा आणि रूममेटकडून तपासून घ्या :
१. मेसच्या दरात वाढ झाली आहे.
२. या प्रश्नावर उपाय काय?
३. तामलवाडीहून सोलापूरला जाणाऱ्या गाड्यांची कमतरता आहे.
४. आम्ही रेक्टरांशी पाण्याबद्दल चर्चा केली.

चौथ्या वाक्यात 'डिस्कस' वापरलंत, तर 'अबाउट' घालू नका. घातलात, तर 'क्रियापदाचा दगा' पुन्हा एकदा वाचा!