संगणकाचा पाठ : आकडा दिसतो एक, असतो दुसरा



पिंपरी-चिंचवडकडील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून आमचा संगणकवर्गही गुरुवारीच भरतो. येणारी मुले-मुली बहुतेक खेड, आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम भागातील, महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. अलीकडे दोन कातकरी मुलेही येऊ लागली आहेत. कोणी चाकण एमआयडीसीत ठेकेदारामार्फत लाइनवर आहे, कोणी स्टोअरमध्ये. एक मुलगा टाइम ऑफिसात मदतनीस आहे. ‘एक्सेल येते का?’ हा प्रश्न त्यांना मुलाखतीत हमखास येतो, म्हणून या अंकात एक्सेलचा पाठ घेत आहे.

वरच्या पट्टीवरची चित्रे पाठ करू नयेत, ओळखावीत. कात्री म्हणजे कापून उचलणे. रंगाचा ब्रश म्हणजे एका सेलचे रूप जसेच्या तसे दुसऱ्या सेलला देणे. नरसाळे म्हणजे फिल्टर, लांबलचक यादीतून एकाच गावची नावे गाळून दाखवणारे. वाकडातिकडा ‘ई’ दिसतो तो ग्रीक सिग्मा, त्याने बेरीज होते. सेव्हचे चित्र मात्र फ्लॉपीचे, आणि या मुलांनी फ्लॉपी कधी पाहिलेलीच नाही. एका मुलीने विचारले, “सर, हे मोबाइलचं कार्ड आहे का?” मी हो म्हणालो. तिला त्यात काही साठवायचे असते एवढे कळले होते, तेवढे पुरे.

आमचे संगणक जुने, देणगीत आलेले. माऊस अधूनमधून रुसतात. त्यामुळे शॉर्टकट आम्ही हौसेने नव्हे, गरजेने शिकलो. कंट्रोल दाबून झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजारशेजारच्या चार कळा म्हणजे अनुक्रमे मागे फिरणे, कापणे, नक्कल घेणे आणि चिकटवणे. कंट्रोल-एस दर पाच मिनिटांनी. वीज सांगून जात नाही. कंट्रोल आणि अर्धविराम दाबले की आजची तारीख उमटते. एफ-२ दाबले की सेलमधला मजकूर पुन्हा न लिहिता दुरुस्त करता येतो. आणि कंट्रोल-१. एकच शॉर्टकट लक्षात राहणार असेल तर हा ठेवा. याने ‘फॉरमॅट सेल्स’ची खिडकी उघडते, आणि या पाठाचे सगळे इंगित त्या खिडकीत आहे.

सेलमध्ये दोन गोष्टी असतात : आत साठवलेला आकडा आणि त्याने घातलेले कपडे. फॉरमॅटिंग म्हणजे कपडे. कपडे बदलले की माणूस बदलत नाही, पण ओळखण्यात आपली चूक होते.

टाइम ऑफिसातल्या मुलाचेच उदाहरण घेऊ. त्याने एका गुरुवारी मोबाइलवर मस्टरचा फोटो आणला. त्याच्याच वाडीतला एक जण महिनाभर कधी दोन तास, कधी अडीच तास जादा थांबला होता. सिग्माच्या चित्रावर टिचकी मारून केलेली बेरीज दाखवत होती २:३०. बोटांवर मोजली तर साडेसव्वीस तास होत होते. एक्सेलचे काही चुकले नव्हते. वेळेच्या साध्या फॉरमॅटला ते घड्याळ समजते. चोवीस तास झाले की काटा पुन्हा शून्यापासून. २६:३० मधून पूर्ण दिवस गळला आणि २:३० उरले. ठेकेदाराचा माणूस तो दिसणारा आकडा हाताने पगारपत्रकात उतरवत होता. कायद्याने ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. समजा तो दर तासाला १२० रुपये धरला, तर ३,१८० रुपयांऐवजी ३०० रुपये. भाताच्या लावणीसाठी घरी पैसे पाठवणाऱ्याला हा फरक किती, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

उपाय असा. बेरजेच्या सेलवर जा, कंट्रोल-१ दाबा, ‘कस्टम’ निवडा, आणि तासाचे एच हे अक्षर चौकटी कंसात टाका. पुढे विसर्गासारखे चिन्ह आणि दोनदा एम. कंसाने तास चोवीसच्या पुढे जाऊ लागतात, आणि २६:३० दिसते. पण इथे आणखी एक खड्डा आहे. एक्सेल पूर्ण दिवसाला १ मानते, बारा तासांना ०.५. म्हणून ही बेरीज तासाच्या दराने गुणण्याआधी २४ ने गुणावी लागते, नाहीतर साडेसव्वीस तासांची मजुरी १३२ रुपये ५० पैसे निघते. त्या मुलाने हे दोन्ही शिकून घेतले आणि पुढच्या सोमवारी साहेबांना फाइलवरच करून दाखवले. फरक पुढच्या पगारात मिळाला. त्याला बढती वगैरे मिळाली नाही, पण आता मस्टर बंद करण्याआधी त्याला हाक मारतात.

दशांश कमी करण्याचे चित्रही असेच. अडीच तासांच्या तीन नोंदी २.५ अशा लिहा आणि ते चित्र दाबा. ३, ३, ३ दिसेल आणि बेरीज दिसेल ८. पडद्यावरचा हिशेब कागदावर जुळत नाही तेव्हा आधी इथे पाहावे. आत अजून २.५ च आहे.

आता माझी चूक सांगतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या मदतनिधीची यादी मीच केली होती. काही बँकांचे खाते क्रमांक शून्याने सुरू होतात. मी ते सरळ टाइप केले, एक्सेलने पुढची शून्ये टाकून दिली, आणि चार मुलांचे पैसे परत आले. नंतर कॉलमचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला, तरी शून्ये परतली नाहीत, कारण येथे कपडे बदलले नव्हते, आतला आकडाच गेला होता. पासबुके पुन्हा मागवावी लागली. त्यांतले एक पासबुक भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीवर होते. पोचायला अर्धा दिवस गेला. म्हणून खाते क्रमांक, आधार, पीएफचा यूएएन यांचा कॉलम टाइप करण्याआधीच निवडून कंट्रोल-१ मधून ‘टेक्स्ट’ करावा. पंधरापेक्षा जास्त अंकी आकड्याचे तर शेवटचे अंकही शून्य होतात.

उलट दोन गोष्टींना मुले उगाच घाबरतात. सेलभर हॅशची चिन्हे दिसली तर कॉलम अरुंद आहे इतकेच. कॉलमच्या वरच्या रेघेवर दोनदा टिचकी मारा. आणि बारा अंकी आधार मध्येच ‘ई’ घेऊन आखडलेला दिसला, तर अंक आत शाबूत असतात.

मर्ज अँड सेंटर मात्र मी वर्गात जवळजवळ बंदच केले आहे. दिसते छान, पण दोन सेल जोडले की डावीकडचा मजकूर राहतो, दुसरा जातो. तसेच नावांचा क्रम लावताना फक्त नावांचा कॉलम निवडू नका. एक्सेल विचारते, शेजारचे कॉलमही घेऊ का? ‘नाही’ म्हटलेत तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसते. तसे झालेच तर दुसरे काही न करता लगेच कंट्रोल-झेड.

सरावासाठी घरच्या एका आठवड्याच्या कामाचे तास लिहा, दिवसाला चारपेक्षा जास्त. सिग्मा दाबा. आलेली बेरीज आधी बोटांवर मोजून पाहा, मग कंट्रोल-१.