किलिमांजारो : डोकं दुखतंय हे कोणाला सांगायचं?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आपल्या परिवारातले सहा जण नुकतेच टांझानियात किलिमांजारो चढून आले. बडोद्याचे चार, इंदूरचे दोन. पाच जण शिखरावर पोचले. बडोद्याचे काका मात्र साधारण 5300 मीटरवरून गाइडबरोबर खाली उतरले. फोटो ग्रुपवर आले तेव्हा पाच जणांवर फुलांचा वर्षाव झाला आणि काकांच्या वाट्याला "वाईट वाटलं", "पुढच्या वेळी नक्की" असे निरोप आले. काकांनी सगळ्यांना हात जोडून उत्तर दिलं. पण त्यांच्या सूनबाईंनी आम्हाला विचारलं, "बाबा हरले असं सगळे का धरून चाललेत?" या वेळचा अभ्यास त्या प्रश्नावर घेत आहोत.

आधी डोंगर समजून घेऊ. आपल्यातले कितीतरी जण गिरनार चढले आहेत, काही तर दरवर्षी जातात. जवळजवळ दहा हजार पायऱ्या, रात्री निघायचं, पहाटे दत्तपादुकांचं दर्शन. तिथे कस लागतो तो पायांचा. किलिमांजारोची उंची 5895 मीटर. मचामे वाटेने गेलं तर जिथून चालायला सुरुवात होते ते फाटकच 1800 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर. वाट अवघड नाही, दोर-कुऱ्हाड लागत नाही. बरांको नावाची एक कातळभिंत हातांनी धरून चढावी लागते तेवढंच. म्हणूनच लोक फसतात. पाय चांगले आहेत, रोज दहा किलोमीटर चालतो, मग काय होतंय, असं वाटतं.

होतं ते हवेमुळे. वर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, शंभरात एकवीस. पण हवेचा दाब कमी होत जातो आणि शिखरावर तो समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा राहतो. एका श्वासात मिळायचं ते निम्मंच मिळतं. शरीर यावर उपाय करतं, पण आपल्या गतीने. आधी श्वास जलद होतो, मग मूत्रपिंडं रक्ताचा तोल सावरायला लागतात. (वर गेल्यावर रात्रीतून तीनदा उठावं लागतं ते यामुळेही. बायका-माणसं सगळे याचीच तक्रार करत होते!) या कामाला दिवस लागतात. तरुण असो की म्हातारा, व्यायाम केलेला असो की नसो, घाई चालत नाही. उलट दमदार माणूस जोरात चढतो आणि तोच आधी आडवा होतो असंही घडतं.

गाइड सारखे "पोले पोले" म्हणत असतात. स्वाहिलीत त्याचा अर्थ हळूहळू. नुसतं "पोले" म्हटलं तर कुणाला लागलं, दुखलं, की आपण "अरेरे" म्हणतो तसं. त्या भाषेत आपले बरेच शब्द भेटतात. गाडीला गारी, दुकानाला दुका, हिशोबाला हेसाबू, आणि शेवटच्या मुक्कामाचं नाव बराफू, म्हणजे बर्फ. बडोद्यात ज्यांचे नातेवाईक आफ्रिकेत आहेत त्यांना हे नवीन नाही, इंदूरकरांना मात्र फार गंमत वाटली.

सात दिवसांचा त्यांचा बेत असा होता. पहिला मुक्काम 3000 मीटरवर, दुसरा शिरा पठारावर साधारण 3850 वर. तिसऱ्या दिवशी 4600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढायचं आणि झोपायला मात्र परत 3950 वर बरांकोला उतरायचं. आमच्यातल्या एका मुलाने नकाशा पाहून विचारलं, "एवढं चढून परत खाली का?" त्यातच सगळं आहे. दिवसा शरीराला वरची हवा दाखवायची आणि रात्री खाली विश्रांती द्यायची. चौथा मुक्काम करंगाला, पाचवा बराफूला 4650 वर. त्याच मध्यरात्री निघून मुरमाड चढणीवरून पहाटे शिखर, आणि त्याच दिवशी 3100 पर्यंत उतरायचं. सातव्या दिवशी फाटकाबाहेर.

किलिमांजारोवर गाइडशिवाय चढायला परवानगी नाही. गाइड काय करतो? सामान वाहणारे वेगळे, स्वयंपाकी वेगळा. गाइड मुख्यतः बघतो. कोण गप्प झालंय, कोणी ताट तसंच ठेवलंय, कोणाचं पाऊल वाकडं पडतंय. रोज संध्याकाळी तो बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावतो, कोरोनात घरोघरी आलेलं तेच, आणि विचारतो: डोकं दुखतं का, मळमळतं का, चक्कर येते का. तिथे आकडा ऐंशीच्या घरात दिसला तरी नवल नसतं, म्हणून नुसत्या आकड्यावर तो जात नाही. उत्तरावर जातो.

आणि इथेच माणसं खोटं बोलतात. इंदूरच्या ताईंचं दुसऱ्या दिवशी शिऱ्याला डोकं चांगलंच दुखत होतं. परत पाठवतील या भीतीने त्यांनी "सब ठीक" म्हटलं आणि दुखण्याची गोळी घेऊन टाकली. गोळीने डोकं थांबतं, कारण थांबत नाही, आणि गाइडच्या हातातली खूण मात्र पुसली जाते. तिसऱ्या दिवशी वाटेत त्यांनी सांगितलं. गाइड रागावला नाही. चाल आणखी हळू केली, पाणी प्यायला लावलं, खाली बरांकोला पोचल्यावर दुखणं उतरलं, आणि पुढे त्या शिखरावरही गेल्या.

काकांनी मात्र पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. तेव्हा खरं बोललं की शिखर मिळतं असा हिशोब कुणी मांडू नये. शेवटच्या रात्री निघताना ते उत्तम होते. थंडी शून्याच्या खूप खाली, पाण्याची बाटली उलटी धरून ठेवलेली, कारण बर्फ वरून धरतो आणि बूच मोकळं राहतं. तीन-साडेतीन तासांनी काका अडखळायला लागले. गाइडने टाचेला टाच लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. ते एका बाजूला कलले. "मी ठीक आहे, मी बसतो, मग येतो," असं म्हणत राहिले. आज त्यांना त्यातलं फारसं आठवत नाही. राग आला होता एवढं आठवतं.

तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. तिथे थांबून वाट बघायची नसते. खाली उतरणं हेच पहिलं औषध, आणि उशीर झाला तर माणूस जातो. दुसरी तशीच खूण म्हणजे बसल्या जागी धाप लागणं आणि खोकल्यातून फेस येणं. ते फुप्फुसाचं दुखणं. यात मोठी अडचण अशी की ज्याचा मेंदू उपाशी आहे त्यालाच "मला जमेल" असं वाटत असतं. ठरवणाराच आजारी. म्हणून ठरवायचं काम आधीच, डोकं शाबूत असताना, दुसऱ्याच्या हाती द्यावं लागतं.

त्यांनी ते बराफूला चहा पितानाच दिलं होतं. गाइड म्हणेल तो उतरेल, त्याच्याबरोबर मदतनीस गाइड जाईल, बाकीचे उतरणार नाहीत. काकांचा मुलगा त्या पाचांत होता. तो दहा-बारा पावलं खाली आला, आणि काकांनीच त्याला "ठरलंय ना?" म्हणून परत धाडलं, असं तो सांगतो. पहाटेपर्यंत तो मागे वळून उतरणारे दोन दिवे शोधत होता. सकाळी शिखराखाली वायरलेसवर कळलं की काका बराफूला पोचले, चालणं सुधारलंय, आणि त्यांना आणखी खाली नेतायत.

गुरूवर भार टाकणं याला बाहेरचे लोक डोळे मिटून चालणं समजतात. आम्हाला काकांच्या त्या रात्रीत वेगळं दिसतं. भार त्यांनी डोळे उघडे असताना टाकला, पाच दिवस त्या माणसाला पारखून टाकला, आणि स्वतःकडचं काही झाकून ठेवलं नाही. गुरूजवळ मनातलं दुखणं लपवून वर आशीर्वाद मागणारे आपल्यात कमी नाहीत. सत्संगात "सगळं छान" म्हणायचं आणि घरी वेगळंच. सूनबाईंच्या प्रश्नाला आमचं उत्तर एवढंच की जे ठरलं होतं ते काकांनी शुद्ध हरपत असतानाही मोडलं नाही.

आता बेळगावची मंडळी जायचं म्हणतायत, म्हणून थोडं कामाचं. पाच दिवसांचा स्वस्त बेत घेऊ नका, सात दिवसच घ्या. "शिखराची हमी" देणाऱ्याकडे जाऊ नका. माणसाला परत कधी फिरवता, ते त्याला विचारा. डायमॉक्सची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. तिने बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. पोर्टरच्या पाठीवर 20 किलोंपेक्षा जास्त ओझं द्यायची तिथे मनाई आहे आणि फाटकावर वजन होतं, तेव्हा लोणच्याच्या बरण्या घरी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2019 पासून बंदी आहे, खाऊ कापडी पिशव्यांत बांधा. आणि जाण्याआधी घरच्यांसमोर बसून ठरवा, कोणाला उतरावं लागलं तर बाकीच्यांनी काय करायचं.

तारीख ठरली की ग्रुपवर कळवा. काका फोनवर बोलायला तयार आहेत. त्यांचे हातमोजे आणि डोक्याचा दिवा नव्यासारखे आहेत. ज्यांना हवेत त्यांनी आधी सांगावं.