परमुलखात वाट बंद झाली तर

मंडळी, आपल्या मराठवाड्यातला माणूस गाव सोडून कामाला जातो, ही काही नवी गोष्ट नाही. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी वाळूजच्या नाहीतर शेंद्र्याच्या कारखान्यात जातो. कोणी पुण्या-मुंबईला जातो. आणि कोणी विमानात बसून दुबईला, कुवेतला, सौदी अरेबियाला जातो. जिथे आपली भाषा चालत नाही, जिथे उधार देणारा दुकानदार नाही, तो परमुलूख. मग तो समुद्रापलीकडे असो की शंभर कोसांवर असो.

परमुलखात थोड्या पैशात कसे राहावे, हे गरिबाला कोणी शिकवायला नको. एका खोलीत आठ जण राहतात. एक जण पोळ्या लाटतो, दुसरा डाळ शिजवतो, महिनाअखेर खर्च वाटून घेतात. पण एकाएकी काम थांबले आणि घरी परतायची वाटही बंद झाली तर काय करायचं? तशी वेळ २०२० साली आली. करोनाची साथ जगभर पसरली. २२ मार्चपासून परदेशातून येणारी विमाने बंद झाली. २५ मार्चपासून सगळ्या देशात टाळेबंदी लागली. त्यालाच आपण लॉकडाऊन म्हणत होतो. जो जिथे होता तो तिथेच अडकला.

आधी आपल्या जिल्ह्यात काय घडले ते पाहू.

जालन्याला लोखंडी सळया बनवण्याचे पुष्कळ कारखाने आहेत. तिथे मध्य प्रदेशातून आलेले मजूर काम करतात. टाळेबंदीत काम थांबले. मजुरी थांबली. पोट मात्र थांबत नाही. एप्रिल गेला, मे लागला. २९ एप्रिलला केंद्र सरकारने हुकूम काढला, की अडकलेल्या लोकांना आपल्या राज्यात परत जाता येईल. १ मे पासून मजुरांसाठी खास रेल्वेगाड्या सुरू झाल्या. त्यांना श्रमिक गाड्या म्हणत. पण त्या गाडीत बसायला आधी नाव नोंदवावे लागे. परवानगी मिळावी लागे.

शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतल्या वीस मजुरांनी ठरवले, की चालतच निघायचे. भुसावळला जाऊ, तिथे गाडी मिळेल, असा त्यांचा विचार होता. जालन्याहून भुसावळ म्हणजे काही जवळचा पल्ला नाही. ७ मेच्या संध्याकाळी ते निघाले. बदनापूरपर्यंत सडकेने आले. पुढे रेल्वेचे रूळ धरले. रात्रभर चालले. पस्तीस-चाळीस किलोमीटर चालून पाय गळून गेले. करमाडच्या अलीकडे, सटाण्याच्या शिवारात, त्यांनी रुळांवरच अंग टाकले. गाड्या बंद आहेत, असे त्यांना वाटत होते.

८ मेच्या पहाटे, सव्वापाचच्या सुमारास, तिथून रिकाम्या टाक्यांची मालगाडी आली. चालकाने माणसे पाहिली. त्याने भोंगा वाजवला, गाडी थांबवायचा प्रयत्न केला. पण मालगाडी काही बैलगाडी नव्हे, कासरा ओढला की थांबायला. सोळा माणसे गेली. चार वाचली. सकाळी लोक गेले तेव्हा रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. वाटेत खायला बांधून घेतलेल्या होत्या त्या.

रुळावर झोपलेच कशाला, असे तेव्हा पुष्कळ लोक बोलले. ज्याने रात्रभर उपाशीपोटी चालून पाहिले नाही, त्याने तसे बोलू नये असे मला वाटते. वाचलेल्यांनी सांगितले, की आम्ही आठवडाभर आधी पासासाठी अर्ज केला होता. उत्तर आले नाही. म्हणजे अर्ज करायचा असतो, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तो केलाही होता. सरकारने १४ मे रोजी जाहीर केले, की रेशन कार्ड नसलेल्या परप्रांतीय मजुरांनाही माणशी पाच किलो धान्य फुकट मिळेल. तारखा पाहा. मधे सहाच दिवस होते.

पण ह्या गोष्टीतला एक शब्द आपण नीट पाहिला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘बंद’. गाड्या बंद, हे खरेच होते. पण कोणत्या गाड्या? माणसांच्या गाड्या बंद होत्या. मालगाड्या एक दिवसही बंद नव्हत्या. धान्य, कोळसा, तेल वाहणे थांबले तर देश उपाशी मरेल, म्हणून त्या चालूच ठेवल्या होत्या. हुकुमात तसे लिहिलेले होते. कानोकानी येताना मात्र निम्माच हुकूम आला. ‘गाड्या बंद’ एवढाच.

कोणताही बंदीचा हुकूम घ्या, त्याचे दोन भाग असतात. काय बंद, हा एक भाग. काय चालू, हा दुसरा. लोक पहिला भाग ओरडून सांगतात. दुसरा भाग कागदावरच राहतो. आणि गरिबाच्या कामाचा असतो तो बहुधा दुसराच.

आपल्या ऊसतोड मंडळींचे उदाहरण घ्या. त्याच साली बीड, नगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतले तोडणी कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकले होते. लाखाच्या वर माणसे, बायकापोरे आणि जनावरे सोबत. जिल्ह्यांच्या हद्दी बंद होत्या. कारखान्यांच्या आवारात छावण्या उघडल्या होत्या. मग १७ एप्रिलला राज्य सरकारचा हुकूम निघाला, की ह्या कामगारांना घरी सोडावे. कारखान्याने त्यांची तपासणी करावी, यादी करावी, गावाला आधी कळवावे, मग सोडावे. म्हणजे हद्दी बंदच होत्या, पण यादीत नाव असलेल्याला वाट मोकळी होती.

आता समुद्रापलीकडे जाऊ.

दुबईत ४ एप्रिल २०२० पासून सुमारे तीन आठवडे चोवीस तास बंदी होती. किराणा आणायला बाहेर पडायचे तरी परवाना घ्यावा लागे. मोबाइलवर अर्ज केला की परवाना येई. ज्याला अर्ज वाचता येत नव्हता, तो खोलीतल्या दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही. एका खोलीत सहा-सहा, आठ-आठ माणसे, पलंगावर पलंग. त्यात एकाला ताप आला की सगळ्यांच्या छातीत धडकी. काम बंद, म्हणून पुष्कळांचा पगार अर्धा झाला. काहींचा पुरता बंद झाला. खाणावळीचे पैसे मात्र द्यावेच लागत. गुरुद्वाऱ्यांनी आणि आपल्या लोकांच्या मंडळांनी जेवणाची पाकिटे वाटली, त्यावर कित्येकांचे दिवस निघाले.

७ मे २०२० पासून भारत सरकारने परदेशात अडकलेल्यांसाठी विमाने सोडली. ह्या मोहिमेला ‘वंदे भारत’ असे नाव दिले होते. म्हणजे पाहा, जालन्याचे मजूर ज्या दिवशी चालत निघाले, त्याच दिवशी अबुधाबीहून आणि दुबईहून पहिली दोन विमाने केरळात उतरली. पण ते विमान फुकट नव्हते. आखातातून केरळात येण्यास सुमारे १५ हजार रुपये पडत. लंडनहून मुंबईस ५० हजार, अमेरिकेहून लाखभर. शिवाय आधी वकिलातीत नाव नोंदवावे लागे. वकिलात म्हणजे परदेशातली आपल्या सरकारची कचेरी. एकट्या दुबईच्या बाजूला थोड्याच दिवसांत लाखाच्या वर लोकांनी नावे नोंदवली. काम सुटलेले मजूर, आजारी, म्हातारे आणि गरोदर बाया ह्यांना आधी घ्यायचे, असा नियम होता. नाव नसेल तर नंबर कुठून लागणार?

तिथेही ‘बंद’ आणि ‘चालू’चा तोच घोळ होता. पुष्कळांच्या व्हिसाची मुदत टाळेबंदीत संपली. व्हिसा म्हणजे त्या देशात राहण्याची परवानगी. मुदत संपली की रोजचा दंड बसतो. माणसे घाबरली. पण तिथल्या सरकारने जाहीर केले होते, की १ मार्चनंतर मुदत संपलेले व्हिसे वर्षअखेरपर्यंत चालतील. ज्याला हे कळले तो शांत झोपला. पुढे जुलै महिन्यात तिथल्या सरकारने तो हुकूम फिरवला आणि नव्या तारखा दिल्या. तेव्हा एकदा वाचून भागत नाही बरे का! हुकूम बदलतो. दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे लागते. कुवेतने तर त्या एप्रिलमध्ये कागदपत्रे नसलेल्या परदेशी लोकांना माफी दिली. दंड माफ, आणि परतीचे तिकीटही सरकारच्या खर्चाने. पण नाव नोंदवायची मुदत थोड्याच दिवसांची होती.

आता थोडा हिशेब करू. वही-पेन्सिल घ्या.

समजा, एक गडी दुबईत आहे. महिन्याचा पगार १,००० दिरहम. २०२० साली एक दिरहम म्हणजे सुमारे वीस रुपये होता. खाणावळीचे २५० दिरहम, फोन, साबण वगैरेचे ५०. उरले ७००. तो ७०० च्या ७०० घरी पाठवतो. घरी १४,००० रुपये येतात. सगळे खुश. पण काम बंद पडले की पुढच्या महिन्यात त्याच्या हातात काय? शून्य.

समजा, तो महिन्याला १०० दिरहम स्वतःजवळ ठेवतो. दहा महिन्यांत १,००० झाले. पंधरा हजारांचे तिकीट म्हणजे ७५० दिरहम. उरले २५०. म्हणजे एक महिन्याची खाणावळ. दहा महिने चिकाटीने राखले तेव्हा एक तिकीट आणि एक महिन्याचे जेवण. एवढेच. पण हे एवढे ज्याच्याजवळ होते, त्याला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

घरची बाई म्हणेल, “महिन्याला दोन हजार कमी आले तर व्याज कशातून भरू?” तिचे बोलणे रास्त आहे. जाताना कर्ज काढलेले असते. ऊसतोडीला जाताना मुकादमाची उचल असते, तसेच हे. उचल फिटेपर्यंत माणूस मोकळा नसतो. म्हणून पैसे राखायची सुरुवात परमुलखात नव्हे, गावातच झाली पाहिजे. एजंटाला किती द्यायचे, तिथून.

सरकारी परवाना असलेल्या एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, ह्याहून जास्त घेता येत नाहीत. पैशाची पावती द्यावी लागते. एजंट लाख मागत असेल आणि पावती देत नसेल, तर समजून जा. जो दहावी झालेला नाही, त्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ अशी अक्षरे असतात. नोकरीसाठी परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागेल, असा त्याचा अर्थ. आखातातले देश धरून अठरा देशांसाठी ही मंजुरी घ्यावी लागते. लोकांना वाटते, ही उगाच अडवणूक आहे. मला तसे वाटत नाही. त्या मंजुरीसाठी नोकरीचा करार दाखवावा लागतो. पगार किती, राहायला कोण देणार, हे त्यात लिहिलेले असते. सोबत विमा काढावा लागतो. त्याचे नाव प्रवासी भारतीय विमा योजना. दोन वर्षांना २७५ रुपये आणि वर कर. अपघातात माणूस गेला किंवा कायमचा अपंग झाला तर दहा लाख रुपये मिळतात. ‘फिरायला जातो’ असे सांगून, फिरण्याच्या व्हिसावर जो कामाला जातो, त्याच्या हाती ना करार, ना विमा. काम बंद पडले तर तो तिथे कामगारच नसतो. मग मजुरी कोणाकडे मागणार?

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वकिलातींजवळ २००९ पासून ‘भारतीय समुदाय कल्याण निधी’ नावाचा पैसा असतो. जो खरोखर निराधार झाला, त्याच्या जेवणाची, राहण्याची, औषधाची आणि परतीच्या तिकिटाचीही सोय त्यातून करता येते. ही भीक नव्हे. पासपोर्ट काढताना, कागदांवर शिक्के घेताना आपले लोक वकिलातीत जी फी भरतात, तिच्यातलाच हा पैसा आहे. पण चौकशी करून देतात. त्यासाठी लेखी अर्ज लागतो, पासपोर्टाचा नंबर लागतो. पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला असेल तर? नंबर वहीत लिहिलेला असेल तरी काम पुढे सरकते. पासपोर्ट हरवला तर वकिलात घरी येण्यापुरता एक दाखला देते, त्यालाही हाच नंबर उपयोगी पडतो.

म्हणून ह्या धड्याच्या शेवटी वहीचे एक पान तयार करू. घरातले कोणी परमुलखात असेल, किंवा जाणार असेल, तर त्याच्याकडून माहिती घेऊन हे पान आपल्या हाताने भरा. एक पान घरी ठेवा, एक त्याच्याजवळ द्या.

पहिल्या ओळीत त्याचे पूर्ण नाव लिहा, पासपोर्टावर आहे तसेच. दुसऱ्या ओळीत पासपोर्टाचा नंबर. पुढे मालकाचे किंवा कंपनीचे नाव, आणि तो राहतो त्या जागेचा पत्ता. दुबई एवढे लिहून चालणार नाही. वस्तीचे नाव हवे, खोलीचा नंबर हवा. त्याखाली त्याच गावातल्या दुसऱ्या एका ओळखीच्या माणसाचे नाव आणि फोन. मग त्या देशातल्या आपल्या वकिलातीचा फोन. तो आधी लावून पाहा, लागतो की नाही. त्याखाली व्हिसाची मुदत संपण्याची तारीख, आणि विमा असेल तर त्याची. शेवटची ओळ रिकामी ठेवा. तिथे तो दर महिन्याला जवळ किती राखतो तो आकडा लिहायचा. आकडा पेन्सिलीने लिहा, म्हणजे दर महिन्याला खोडून नवा लिहिता येईल.