जमीन तारण ठेवू का?

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगला जायचंय. पुण्यातल्या खासगी कॉलेजसाठी जमीन तारण ठेवून दहा लाखांचं कर्ज काढू का? – एक शेतकरी, मंचर

उत्तर : जमिनीला हात लावू नका. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून झाला, तर २०२४-२५पासून ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत मिळत नाही. पसंतीक्रमात अवसरी खुर्दचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय वर ठेवा. घरून ये-जा होईल, खोली-मेसचा खर्च वाचेल. तरीही कर्ज लागलंच, तर ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. शिकताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढतं. जमेल तेवढं भरत राहा. कॉलेजला सर्वात मोठं पॅकेज विचारू नका, किती जणांना नोकरी लागली ते विचारा. शुल्काच्या सवलतीसाठी घोडेगावच्या तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मात्र आत्ताच काढून ठेवा.