नवा माल सुरू करायचा का? कांजूरमार्गच्या स्पीकरवाल्या काकांचा धडा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत प्रश्न आला, "मॅडम, आमचं लोणचं चांगलं चाललंय. आता कर्ज घेऊन मसालेही सुरू करू का?" मी लगेच हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. कारण हाच प्रश्न मी माझ्या घराजवळ ऐकला होता.

माझं घर मुंबईत कांजूरमार्गला. मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुपच्या मधलं हे स्टेशन. एलबीएस मार्गाला पूर्वी कारखानेच कारखाने होते, आता टॉवर आणि ऑफिसं झाली. तरी काही गाळे टिकून आहेत. तिथल्या एका गाळ्यात ओळखीचे एक काका लाऊडस्पीकर बनवतात. लाकडी बॉक्स, आत मॅग्नेट, कॉइल आणि कागदी कोन. गणपती, नवरात्र आणि लग्नसराईत मागणी, बाकी महिने थंड. त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी. म्हणून काकांच्या मनात आलं, ॲक्टिव्ह स्पीकर आणि हेडफोनही बनवावेत.

ॲक्टिव्ह स्पीकर म्हणजे काय? मंडपातल्या साध्या स्पीकरला वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा लागतो. ॲक्टिव्हमध्ये तो बॉक्सच्या आतच बसवलेला असतो. मोबाईल जोडला, की आवाज सुरू.

आता बघा, या दोन वस्तू सारख्या वाटतात, पण तशा नाहीत.

ॲक्टिव्ह स्पीकर ही जवळची पायरी आहे. बॉक्स तोच, कोन तोच, गिऱ्हाईकही बरंचसं तेच. नवीन काय, तर ॲम्प्लिफायर आणि त्याची दुरुस्ती. आधी बिघडला तर फक्त कोन बदलायचा, आता सर्किटही बघावं लागणार. म्हणजे एक कारागीर जास्त, आणि वॉरंटीचा खर्च किमतीत धरायला हवा.

हेडफोन ही लांबची पायरी. लाकूडकाम उपयोगाचं नाही. प्लास्टिकचे साचे, बॅटरी, कानाला न टोचणारी गादी, सगळंच नवीन. वायरलेस हेडफोन विकायला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी लागते. गिऱ्हाईक मंडपवाला नाही, कॉलेजची मुलं. ती नाव बघून घेतात.

मोठ्यांनी काय केलं? बोवर्स अँड विल्किन्स ही इंग्लंडची कंपनी १९६६ पासून स्पीकर बनवते. तिने पहिला हेडफोन आणला २०१० मध्ये, म्हणजे नाव झाल्यावर ४४ वर्षांनी. याउलट आपल्या मुंबईची बोट कंपनी. तिने २०१६ च्या सुमारास चार्जिंगच्या केबलपासून सुरुवात केली, मग इअरफोन आणि स्पीकर आणले. माल बराचसा दुसऱ्यांच्या कारखान्यांतून बनवून घेतला. तिची ताकद बनवण्यात नव्हती, विकण्यात होती. काकांची ताकद बनवण्यात आहे. म्हणून बोटचं बघून काकांनी उडी मारून चालणार नाही.

आपल्या बायकांचं उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ ला गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. खाकरा आला १९७४ मध्ये, मसाला १९७६ मध्ये, म्हणजे पापडात १५ वर्षं पाय रोवल्यावर. त्यांनी आगपेट्या, चामड्याच्या वस्तू, अगरबत्ती हेही करून बघितलं, ते जमलं नाही. पण पापड भक्कम होता, म्हणून संस्था डगमगली नाही.

आता हिशोब करू. समजा, गटाकडे ४०,००० रुपये खेळतं भांडवल आहे. लोणच्याचे पैसे दर महिन्याला सुटतात आणि प्रत्येक फेरीला ३,००० नफा होतो. वर्षाच्या १२ फेऱ्या, नफा ३६,०००.

आता त्यातले निम्मे, २०,००० मसाल्यात घातले. नफा दुप्पट दराने, म्हणजे २०,००० वरच फेरीला ३,०००. पण दुकानदार उधारीवर घेतो आणि तीन महिन्यांनी पैसे देतो. वर्षात ४ च फेऱ्या, नफा १२,०००. उरलेल्या २०,००० च्या लोणच्यातून १८,०००. एकूण ३०,०००. नफ्याचा दर दुप्पट, आणि हातात ६,००० कमी!

हाच दुकानदार दीड महिन्यात पैसे देईल, तर ८ फेऱ्या होतील, मसाल्याचे २४,००० आणि एकूण ४२,०००. म्हणजे धंदा तारतो की बुडवतो, हे किमतीपेक्षा उधारीवर ठरतं. आणि लोणच्याला मागणीच कमी असेल, पैसा पेटीत पडून असेल, तर मात्र नवा माल करण्यात शहाणपण आहे.

हाच हिशोब मी काकांसमोर मांडला. आधी हसले, "तू समाजकार्य शिकलीस, तुला धंद्यातलं काय कळतं?" मग वही काढली. ठरलं असं: जुन्या गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेऊन आधी १० ॲक्टिव्ह स्पीकर बनवायचे. हेडफोन सध्या नाही.

तायांनो, कर्जाचा ठराव लिहिण्याआधी बैठकीत ही पाच उत्तरं वहीत लिहा:

१. नव्या मालात आपलं जुनं कौशल्य, भांडी आणि गिऱ्हाईक किती उपयोगी पडतं?
२. पैसे किती दिवसांनी हातात येतील?
३. कोणती नोंदणी लागेल? खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची आहे का?
४. माल खराब निघाला तर परत कोण घेणार, खर्च कुणाचा?
५. सगळा माल अडकला, तरी जुन्या धंद्यातून कर्जाचा हप्ता जाईल का?

पाचव्याचं उत्तर "नाही" असेल, तर कर्ज घेऊ नका. आधी थोडाच माल करा, गावच्या बाजारात विका, किती पैसे परत आले ते बघा. हप्ता प्रत्येकीच्या बचतीतून जातो. तिला विचारल्याशिवाय ठराव करू नका.

तुमची क्षेत्र समन्वयक