नक्कल बोटीवर, मूळ घरात

बोईसर

चि. बाळ यास,

तुझा निरोप पोचला. मासेमारीवरची पावसाळी बंदी उठली की तू बाबांबरोबर बोटीवर जाणार. दांडीचा किनारा मागे पडला की मोबाइलची रेंज जाते, म्हणून छोटा प्लेअर घेतलास ते बरं केलंस. पण ३२ जीबीच्या कार्डात मावत नाही म्हणून संगणकावरची सगळी गाणी एकदम लहान करून मोठ्या फायली पुसून टाकायच्या, हा बेत मला मुळीच पसंत नाही. लहान जरूर कर. पुसू मात्र काही नकोस.

आजीच्या कॅसेटी आपण उतरवल्या त्या वाव्ह फायली आहेत. त्या तासाला सुमारे ६३५ एमबी खातात, म्हणजे तुझ्या कार्डात जेमतेम पन्नास तास. त्यांचंच १२८ केबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटचं, एमपी३ केलंस तर तासाला ५८ एमबी लागतील आणि पाचशे तासांहून जास्त गाणी बसतील. ही जागा वाचते कारण मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज कानाला लागत नाही, तो एमपी३ करताना टाकून देतात किंवा ढोबळ करून ठेवतात. टाकलेलं परत येत नाही. एमपी३चं पुन्हा फ्लॅक, म्हणजे काही न छाटता दाबलेली फाईल, केलंस तर फाईल फुगेल, आवाज तोच राहील. सुका बोंबील भिजत घातला म्हणून ताजा होत नाही. वाव्हचं थेट फ्लॅक केलंस तर मात्र काहीही गमावत नाही आणि जागा साधारण निम्म्यावर येते. घरच्या डिस्कवर तेच करून ठेव.

आता एक गोष्ट स्वतःच्या कानांनी ऐक. भजनाच्या रेकॉर्डिंगमधला टाळ घे. त्याच तुकड्याचं एक एमपी३ ६४चं कर, एक १९२चं, आणि इअरफोन लावून लागोपाठ लाव. ६४मध्ये टाळ खणखणत नाही, पाण्यात बुडाल्यासारखा फसफसतो, आणि ठोका पडायच्या आधीच एक अस्पष्ट सळसळ येते. एमपी३ सेकंदाचे सुमारे ३८ तुकडे पाडून एकेक तुकडा हिशेबात घेतं. ठोका तुकड्याच्या मध्यावर पडला तर त्याची खरखर अख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे ठोक्याच्या अलीकडेही. पखवाज त्यातून निभावतो, टाळ नाही. म्हणून भजनांना १९२ दे.

सिनेमाच्या गाण्यांना १२८ पुष्कळ झालं. इंजिन चालू असताना ३२० आणि १२८मधला फरक कुणालाही कळणार नाही, तिथे जागा उधळू नकोस. जी गाणी आधीच एमपी३ आहेत ती जशीच्या तशी कॉपी कर. एमपी३वरून पुन्हा एमपी३ केलं की दुसऱ्यांदा छाटणी होते. आजीच्या कॅसेटी एकाच माइकवर भरलेल्या आहेत. दोन्ही कानांत तोच आवाज, तेव्हा त्या मोनो कर आणि ९६ ठेव. ओपस हा प्रकार कमी जागेत एमपी३पेक्षा सरस आहे, पण स्वस्तातले बरेच प्लेअर तो वाजवत नाहीत. आधी एक फाईल टाकून बघ. नावं रोमन अक्षरांत दे, पुढे ०१, ०२ घाल. अशा प्लेअरच्या पडद्यावर मराठी अक्षरांच्या जागी कधीकधी नुसते चौकोन दिसतात.

मी पुसू नकोस म्हणतो ते या कॅसेटींसाठी. सिनेमाचं गाणं हरवलं तर दहा ठिकाणी मिळेल. हळदीच्या रात्री आजी आणि गल्लीतल्या बायका जी गाणी म्हणत होत्या, ती कुठल्या कंपनीने काढलेली नाहीत. मध्येच कुणीतरी कडवं विसरतं, आजी पुढची ओळ सुचवते, मागे भांड्यांचा आवाज येतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या, आणि त्या जपल्या म्हणूनच आज ‘पारी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. आपल्या आळीत असं कुणी आलं नाही. जे आहे ते तुझ्या संगणकावर आहे, आणि जुन्या फिती आता वळ्या पडून बिघडत चालल्या आहेत. उद्या कुणाला आजीचे शब्द उतरवून घ्यायचे असतील, तर छाटलेल्या आवाजात अर्धे शब्द अंदाजाने लिहावे लागतील.

कार्डाचा भरवसा धरू नकोस. बोटीवर खारं पाणी आहे, ओले हात आहेत. कार्ड गेलं तर जाऊ दे, त्यात फक्त नक्कल असली पाहिजे. मूळ फायलींचा एक संच तुझ्या घरी आणि एक माझ्याकडे बोईसरला राहील. मी रविवारी दांडीला येताना रिकामी हार्ड डिस्क घेऊन येतो. तोवर आजीच्या कॅसेटींचं फोल्डर वेगळं काढून ठेव, कुठल्या लग्नातलं कुठलं रेकॉर्डिंग ते आजीला विचारून वहीत लिहून ठेव, आणि डिलीटच्या बटणाला हात लावू नकोस.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा