गिअरबॉक्साची नाडी

वैद्य रोग्याच्या घरीं आला म्हणजे प्रथम त्याच्या मनगटावर बोटें ठेवतो. रोगी तोंडानें कांहीं सांगण्यापूर्वींच नाडी बोलूं लागते. यंत्रालाहि अशी नाडी असते. मात्र ती जाणण्यास बोटें पुरत नाहींत, मापक लागतो. वेगवान मोटारीच्या गिअरबॉक्सास दाबमापक कसा जोडावा व तो आपणांस काय सांगतो, हें या लेखांत पाहूं.

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील एक प्रसिद्ध गिअरबॉक्स घेऊं. जनरल मोटर्स कंपनीनें १९६४ सालच्या गाड्यांसाठीं ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ हा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स पुढें आणला. १९६७ सालच्या पॉन्टिअक जी. टी. ओ. या जोरकस गाडींतहि तो मिळत असे. जुन्या गाड्या शर्यतीसाठीं सजविणारे तेथील हौशी लोक आजहि त्याला पसंती देतात.

याला पुढें जाण्याचे तीन गिअर आहेत. ते बदलण्याचें काम चालकाचा हात करीत नाहीं, तेल करतें. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेलास दाब देतो. झडपा तें तेल योग्य त्या क्लचकडे पाठवितात. तेथें तें दट्ट्यास रेटतें आणि दट्ट्या क्लचच्या चकत्या घट्ट आवळून धरतो. बंदिस्त द्रवास दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कालचा नियम आपण शाळेंत शिकतों. येथें तोच नियम गाडी ओढीत असतो.

आतां थोडें गणित करूं. दट्ट्याचें क्षेत्रफळ १० चौरस इंच आहे असें समजा. तेलाचा दाब दर चौरस इंचास १५० पौंड असेल, तर चकत्यांवर १५०० पौंडांचा जोर येईल. तोच दाब ६० पौंडांवर उतरला, तर जोर ६०० पौंडच उरेल. इंजिन मात्र पूर्वीच्याच ताकदीनें फिरत असतें. मग चकत्या घसरतात, घासून तापतात आणि त्यांवरील अस्तर जळूं लागतें. खेदाची गोष्ट ही कीं, चालकास हें आरंभीं कळत नाहीं. गाडी धांवतच असते. गिअर बदलतांना किंचित् विलंब लागतो, एवढेंच. जळक्या तेलाचा वास येईपर्यंत नुकसान होऊन चुकलेलें असतें.

म्हणून दाबमापक हवा. या गिअरबॉक्सांत रिव्हर्स गिअर घालून इंजिनास पूर्ण जोर दिला, तर दाब २०० पौंडांच्या वर जातो. यास्तव ३०० पौंडांपर्यंत आंकडे असलेला मापक घ्यावा. इंजिनाच्या तेलासाठीं असतो तसा १०० पौंडांचा मापक येथें टिकणार नाहीं.

मापक दोन प्रकारचे असतात. फ्रान्समधील यूजीन बूर्दों यानें १८४९ सालीं ज्याचें पेटंट घेतलें, त्या मापकांत एक वांकडी पोकळ नळी असते. दाब वाढला कीं ती सरळ होऊं पाहते व कांटा फिरविते. रचना सोपी आणि विश्वासाची. परंतु तीमुळें कढत तेल नळीवाटे थेट चालकाच्या समोर येतें. ती नळी फुटली तर तेल त्याच्या अंगावर उडेल. म्हणून गाडींत कायम ठेवण्यासाठीं विजेचा मापक घ्यावा. त्यांत दाब ओळखणारा ‘सेंडर’ गाडीखालींच राहतो. आंत येते ती केवळ तार.

जोडणी करतांना घाई करूं नये. इंजिन व तेल थंड होऊं द्यावें, बॅटरीची तार सोडावी, चाकांस अटकाव लावावा आणि गाडी भक्कम लोखंडी टेकूंवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. गिअरबॉक्साच्या डाव्या अंगास दाब तपासण्याचें छिद्र असून त्यास लहानसा प्लग असतो. तो काढून तेथें एक अष्टमांश इंची पाइपच्या आट्यांचा जोड बसवावा. आट्यांस गळती थांबविणारा लेप थोडाच लावावा. आंत पडलेला कण झडपेंत अडकूं शकतो. गिअरबॉक्साचें कवच ॲल्युमिनियमचें आहे. पाना फार आवळल्यास त्यास तडा जाईल.

सेंडर जड असतो व गिअरबॉक्स सदैव थरथरतो. यासाठीं मध्यें लवचीक नळी घालून सेंडर गाडीच्या सांगाड्यास बांधावा, आणि त्याची जमिनीची तार निराळी जोडावी. मापकाची तार धुराच्या तप्त नळीपासून दूर न्यावी. पत्र्यांतून जाते तेथें रबरी कडें घालावें, आणि विजेच्या वाटेवर फ्यूज ठेवावा. मापक असा बसवावा कीं, रस्त्यावरील नजर फारशी न ढळतां तो दिसेल.

नंतर बॅटरी जोडून इंजिन सुरू करावें व प्रथम गळती पाहावी. गाडी निरोगी असतांनाच, तेल तापल्यावर, प्रत्येक गिअरांतील दाब वहींत उतरून ठेवावा. पुढें हेच आंकडे तुलनेस उपयोगी पडतात. सर्व गिअरांत दाब कमी दिसला, तर तेल उणें आहे, गाळणी तुंबली आहे किंवा पंप झिजला आहे, असा संशय घ्यावा. एकाच गिअरांत तो पडला, तर त्या क्लचच्या वाटेवर गळती असावी. जोरानें निघतांना वा वळणावर कांटा थरथरला, तर तेल पंपाच्या तोंडापासून सरकत असावें. इंजिनावरील भाराची वार्ता गिअरबॉक्सास एका बारीक शोषनळीनें मिळते. ती निसटली तर दाब सदैव चढा राहतो आणि गिअर धक्क्यानें पडतात.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. मापक दाब वाढवीत नाहीं, फुटकें यंत्र सांधीत नाहीं. तो केवळ खरें सांगतो, आणि वेळेवर सांगतो. कांटा खालीं उतरलेला दिसत असूनहि जो शर्यत संपेपर्यंत पाय उचलीत नाहीं, त्याच्या गाडींत मापक असून नसल्यासारखाच! इशारा मिळणें हें अर्धेंच भाग्य. तो ऐकून वेळीं थांबणें हें उरलेलें अर्धें आपल्या हातीं आहे.